अपोलिपोप्रोटीन-बी : मेदप्रथिन कणाची जुळणी

यकृतात व आतड्यात तयार होणाऱ्या ट्रायग्लिसराइडयुक्त मेदप्रथिन कणांचा आधार म्हणजे अपोलिपोप्रोटीन-बी. यकृतातील पूर्ण रूपात (बी-१००) ४,५३६ ॲमिनो अम्ले असतात; पण कण घडणार की नाही, हे मुख्यतः सुरुवातीची सुमारे १,००० अम्लेच ठरवतात. आंतर्द्रव्य जालिकेत साखळी अजून विणली जात असतानाच हा भाग मायक्रोसोमल ट्रायग्लिसराइड ट्रान्सफर प्रोटीनला (एमटीपी) चिकटतो आणि मेद सामावणारा खिसा आकार घेऊ लागतो. दोन्ही प्रथिनांचे अंड्यातील लिपोव्हिटेलिनशी रचनासाम्य आहे, म्हणून ही जवळीक योगायोगाची वाटत नाही. एमटीपी सदोष असेल तर साखळी पेशीतच नष्ट होते. अबीटालिपोप्रोटीनेमिया या आनुवंशिक विकाराचे मूळ हेच. यावर आक्षेप असा की साखळी जितकी लांब तितका कण मोठा, म्हणजे पुढचे भागही निष्क्रिय नाहीत. ते खरेच, मेदाला धरून ठेवणारे बीटा-पट्टे तिथेच आहेत. मात्र आतड्यातील बी-४८ मध्ये (२,१५२ अम्ले) साखळीचा उत्तरार्ध नसूनही कायलोमायक्रॉन घडतो. तेव्हा पुढचे भाग कणाचे आकारमान ठरवतात, आरंभ नव्हे. एलडीएल ग्राहीला जोडणारा भाग मात्र उत्तरार्धातच असतो.