खोलीत २६, आजी अंगणात

मागच्या वर्षीच्या नवतप्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पुण्यातल्या खोलीत लोळत मी फोनवर वर्ध्याच्या घरातल्या एसीचं ॲप उघडलं. आजीच्या खोलीत ३३ अंश. म्हणजे तिने एसी बंद केला होता. मी इथून चालू केला, २६ वर लावला. वीस मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा बंद. पुन्हा चालू केला. त्यानंतर तो बंद झाला नाही. एक वाजता स्क्रीनवर २६ दिसलं आणि मी निवांत झोपलो.

सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. आजीला चक्कर आली होती. रात्रभर ती अंगणात बाज टाकून तापलेल्या हवेत पडली होती, आणि आतली रिकामी खोली रात्रभर छान गार होत होती.

सलाईन लागली, दोन दिवसांत ती बरी झाली. मी घरी पोचलो तेव्हा म्हणाली, "त्याचा वारा सरळ गुडघ्यावर येते रे. बंद केला का आपोआप चालू होते. मले वाटलं, बिघडला."

बिघडला नव्हता. मी सांगितलं तसंच तो वागत होता. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना: घर गार ठेवायचं म्हणजे कोणीतरी उन्हावर आणि माणसावर सतत नजर ठेवायची. हे काम आजवर कोण करत आलं?

सुरुवात वाळ्यापासून करू. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या भिंती करून त्यावर पाणी शिंपडण्याची युक्ती अकबराच्या नावावर लिहिलेली आहे. युक्तीमागचं विज्ञान माठातलंच. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषतं. फक्त ताटी वाळली की खेळ संपला. म्हणून ताटीशेजारी पाण्याचं भांडं घेऊन कोणीतरी उभं असायचं. बादशहाने युक्ती काढली असेल, पण दुपार गार ठेवायचा तो पाणी मारणारा.

इंग्रजांनी हीच पद्धत उचलली. साहेबांच्या बंगल्यांत छताला लटकणारा कापडी पंखा दोरीने ओढायला माणूस ठेवलेला असे. एकोणिसाव्या शतकात 'थर्मँटिडोट' नावाची लाकडी पेटी आली. बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या, आत हाताने फिरवायचं पंख्याचं चाक. आपल्या कुलरचा हा पणजोबा. त्यात मोटारीच्या जागी माणूस होता, एवढाच फरक. पंखा ओढताना डोळा लागला म्हणून त्या माणसांनी लाथा खाल्ल्याच्या नोंदी आहेत. खोलीत कोणाला किती उकडतंय हे त्याला साहेबाच्या ओरडण्यावरून कळायचं.

थर्मोस्टॅटचा जन्मही अशाच एका नजर ठेवणाऱ्या माणसापाशी झाला, फक्त थंडीच्या देशात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथल्या कॉलेजात वॉरन जॉन्सन शिकवत असे. हिवाळ्यात तिथला शिपाई वर्गावर्गांत येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन गरम हवेची झडप कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय यायचा. जॉन्सनने खोलीतलं तापमान तळघरात आपोआप कळवणारं विजेचं यंत्र बनवलं, १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८८५ मध्ये कंपनी काढली. शिपायाची फेरी वाचली. पण शिपाई वर्गात आला की एक गोष्ट सहज होत असणार: तो मुलांकडे पाहत असणार. कोण कुडकुडतंय, कोण खिडकीशी बसलंय. भिंतीवरचं यंत्र फक्त भिंतीजवळची हवा मोजतं.

आता आमच्या गावाजवळ येऊ. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असाल, तर बापू कुटीसमोरचा ग्रुप फोटो नक्की असेल. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळालं. ते आले एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. आधी आदी निवास उभा राहिला. आज जिला आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची झोपडी.

आजीला बरं वाटल्यावर मी दुपारी एक वाजता मुद्दाम तिथे गेलो. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. कुटीत वाकून शिरलो, जमिनीवर बसलो आणि पाच मिनिटांत कपाळावरचा घाम सुकला. गार नव्हतं, पण बसवत होतं. जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन आत पोचायला उशीर लावते. कवेलूंच्या फटींतून वर चढलेली गरम हवा निसटते. पुढे उतरलेलं छप्पर भिंतीवर ऊन पडू देत नाही. गांधीजी स्वतः उन्हाळ्यात डोक्यावर ओलं फडकं ठेवत. ताटीचंच विज्ञान, पण खोलीऐवजी थेट माणसावर. आणि फडकं कधी ओलं करायचं हे ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाच कळणार.

आमचं घरही एकेकाळी कवेलूंचंच होतं. नंतर आबाजींनी स्लॅब टाकला. गळती थांबली, माकडांचा त्रास संपला, गावात मान वाढला. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकतो. त्या स्लॅबखाली विदर्भाला तारलं ते कुलरने. मार्च आला की माळ्यावरून पत्र्याचा कुलर खाली येतो, नवीन गवत भरलं जातं, खिडकीत बसवला जातो. बाहेर ४३ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कुलर खोलीत २८ अंशांच्या आसपासची हवा सोडू शकतो. जुलैत ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा तोच कुलर दोनतीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही. उलट चिकचिक वाढवतो.

आजीला हे आकडे कोणी सांगितले नव्हते. पण पंप कधी बंद करून नुसता पंखा ठेवायचा, पहाटे कोणत्या खिडक्या उघडायच्या, दुपारी कोणते पडदे ओले करायचे, कोणाची बाज कुलरसमोरून सरकवायची, हे सगळं ती चाळीस वर्षं करत होती. नळाला पाणी नसलं तर विहिरीवरून आणून कुलर भरत होती. आमच्या घरचा थर्मोस्टॅट तीच होती. कधी कोणी तसं म्हटलं नाही, कारण ते काम आहे असंच कोणाला वाटलं नाही.

मग मी एसी आणला. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. म्हणजे तो उष्णतेचा पंप. असं यंत्र उलट दिशेने वापरून घरं गरम करता येतील, हे लॉर्ड केल्विनने १८५२ मध्येच मांडलं होतं. युरोप-अमेरिकेत आज अनेक घरांत एकच हीट पंप हिवाळ्यात ऊब देतो आणि उन्हाळ्यात गारवा. त्याला भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट सांभाळतो. आपल्याकडे तेच काम रिमोट आणि फोनवर आलं. सरकारनेही त्यात हात घातला. १ जानेवारी २०२० पासून नवे स्टारवाले एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू होतात. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा त्यामागचा हिशेब.

हिशेब चांगलाच आहे. पण आपल्या घरांतल्या बहुतेक स्प्लिट एसींचा तापमान मोजणारा सेन्सर छताजवळच्या पेटीतच असतो. तो वरून परत येणारी हवा मोजतो. खाली बाजेवर, वाऱ्याच्या थेट झोतात काय चाललंय ते त्याला कळत नाही. वरचा स्लॅब तापून किती उष्णता फेकतोय तेही नाही. बाजेवर कोणी आहे की नाही, हेही नाही. त्या रात्री मला ॲपने दाखवलेला आकडा खरा होता. मी त्याचा अर्थ 'आजी ठीक आहे' असा लावला.

मी यंत्राच्या विरोधात नाही. तापलेल्या रात्री म्हाताऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो आणि कुलर दरवेळी पुरत नाही. एसी घरात राहिला. पण बाज आम्ही समोरच्या भिंतीला सरकवली आणि पेटीची पाती वर केली. स्लॅबला वरून पांढरा चुना मारला. आजीने २८ अंश आणि हळू फिरणारा पंखा असं ठरवलं. रिमोटवरच्या दोन बटणांना लाल नेलपॉलिश लावलं, एक चालू, एक बंद.

माझ्या फोनवर ॲप अजून आहे, पण आता त्यात फक्त तापमान दिसतं. चालू-बंद करायची सोय मी काढून टाकली. आकडा जास्त दिसला की फोन करतो. काल ३२ होतं.

"एसी लाव ना आजी."

"आभाळ आलं आहे बाहेर. खिडकी उघडली मी. तू जेवला का?"

दहा मिनिटांनी पाहिलं, २९ झालं होतं.