दोराच्या खुणा

लंडनचा इतिहास पाहायचा तो राजवाड्यांत आणि किल्ल्यांत, अशी आमचीही समजूत होती. पण गेल्या उन्हाळ्यात पंधरा-वीस जणांच्या एका घोळक्याबरोबर रीजंट्स कालव्याच्या काठाने चालण्याचा योग आला. कॅमडनपासून लिटल व्हेनिसपर्यंत, जेमतेम चार किलोमीटर. वाट दाखवायला एक वयस्क बाई होत्या. पुढे निघालेल्या मंडळींना त्या शाळामास्तरणीसारख्या मागे बोलावीत.

हा कालवा १८२० साली पुरा झाला. काठची वाट काही माणसांच्या फेरफटक्यासाठी बांधलेली नव्हे. ती घोड्याची वाट. घोडा काठाने चाले आणि लांब दोराने पाण्यातला पडाव ओढी. रस्त्यावर दोन टनांना दमणारा घोडा पाण्यावर तीस टनांचा पडाव सहज नेई. आगगाडीच्या आवाजाने बुजून तो कधी पाण्यात पडे. त्याला बाहेर काढता यावे म्हणून काठाला जागोजाग उतार ठेवलेले आहेत. आम्हांला ते कपडे धुण्याचे घाट वाटले!

मॅकल्सफील्ड पुलाखाली बाईंनी सर्वांना थांबवले आणि बिडाच्या खांबावरून बोट फिरवायला सांगितले. बोटभर खोल खाचा लागल्या. ओला, वाळू चिकटलेला दोर वर्षानुवर्षे घासून बीड कापले गेले होते. मग त्या म्हणाल्या, "आता खांबाच्या मागच्या अंगाला पाहा." तिथेही तशाच खाचा! पण तिकडून घोडा जाणार कसा?

दिवाळीच्या दिवसांत दारूच्या स्फोटाची कथा नको खरी, पण उत्तर तिच्यातच आहे. २ ऑक्टोबर १८७४ रोजी पहाटे 'टिलबरी' नावाचा पडाव या पुलाखालून जात होता. त्यात साखर होती, कॉफी होती, पेट्रोलियमची पिंपे होती आणि सुमारे पाच टन बंदुकीची दारूही होती. पेट्रोलियमच्या वाफेने पेट घेतला. पूल उडाला आणि पडावावरचे तिघेही ठार झाले. पुढे पूल पुन्हा बांधला, तेव्हा तेच खांब परत वापरले, फक्त फिरवून उभे केले. म्हणून मागच्या खाचा स्फोटापूर्वीच्या आणि पुढच्या नंतरच्या. त्या तिघांचे स्मारक मला तरी तिथे दिसले नाही. माझे बोट मात्र बराच वेळ मागच्या खाचेत राहिले.

पुढे मेडा हिलचा बोगदा लागतो. त्यात काठाची वाटच नाही. पूर्वी इथे घोडा सोडून वरच्या रस्त्याने नेत आणि खलाशी पडावावर उताणे पडून, बोगद्याच्या भिंतीवर पाय रेटीत, काळोखातून तो पलीकडे काढीत. आम्ही अर्थातच घोड्याच्या मार्गाने गेलो. वर मोटारींची गर्दी होती. रस्ता ओलांडताना बाईंनी सर्वांची डोकी मोजली आणि पलीकडे पुन्हा पाण्याजवळ उतरल्यावर आणखी एकदा मोजली.