नळातल्या पाण्याचा माग

पाणी शुद्ध करून सोडले म्हणजे पाणीपुरवठ्याचे काम संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पाठ्यपुस्तकातील आकृतीही निवळणे, गाळणे आणि क्लोरीन मिसळणे एवढे दाखवून थांबते. प्रत्यक्षात यानंतर पाण्याला जमिनीखालून बराच प्रवास करावयाचा असतो. तो कोणत्या वाटेने होतो, त्याला किती तास लागतात, वाटेत क्लोरीन किती उरते, हे डोळ्यांना दिसत नाही. ते गणिताने शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास उद्बोधक आहे.

एका नळाचे गणित सोपे. शहरात मात्र नळांचे जाळे असते आणि एकाच चौकात पाणी दोन-तीन बाजूंनी येऊ शकते. येथे दोन नियम उपयोगी पडतात. जोडाशी जेवढे पाणी येते, तेवढेच तेथून निघते, हा पहिला. बंद वळशाभोवती फिरून मूळ जागी आलो, तर घर्षणात खर्ची पडलेल्या दाबाची दिशेसह केलेली बेरीज शून्य भरते, हा दुसरा. विजेच्या मंडलांसाठी किरखॉफने मांडलेल्या नियमांशी असलेले साम्य शिक्षकांच्या लगेच ध्यानात येईल. फरक एवढाच, की नळातील दाबाचा ऱ्हास प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे समीकरणे एकघाती राहत नाहीत आणि उत्तर एका फटक्यात मिळत नाही.

यावर १९३६ साली हार्डी क्रॉस यांनी तोड काढली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील हे प्राध्यापक मूळचे बांधकामांच्या सांगाड्यांचे अभ्यासक. त्यांची रीत अशी: प्रवाह अंदाजाने धरावेत, प्रत्येक वळशातील चूक काढावी, तेवढी दुरुस्ती करावी आणि चूक नगण्य होईपर्यंत हेच करीत राहावे. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर अभियंत्यांनी अनेक वर्षे ही आकडेमोड केली. पुढे संगणक आले. १९८० नंतरच्या दशकात टोडिनी आणि पिलाटी या इटालियन संशोधकांनी सगळे जाळे एकदम सोडविण्याची वेगवान रीत दिली.

ही रीत वापरणारी ‘ईपानेट’ ही आज्ञावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सिनसिनाटी येथील प्रयोगशाळेत लुइस रॉसमन यांनी ती तयार केली. प्रवाह व दाब यांच्या जोडीला पाण्याचे वय आणि क्लोरीनची घट यांचाही हिशेब ती तासागणिक मांडते. सरकारी खर्चाने झालेली असल्याने ती कोणालाही विनामूल्य मिळते. तिचा मूळ संकेतही खुला आहे; म्हणजे हिशेब कसा केला, हे कोणीही तपासून पाहू शकतो.

या हिशेबाचे मोल लवकरच दिसून आले. मिसुरी राज्यातील गिडियन या सुमारे ११०० वस्तीच्या गावात १९९३च्या अखेरीस साल्मोनेला जंतूंची साथ आली. कित्येकशे लोक आजारी पडले आणि शुश्रूषागृहातील सात वृद्ध दगावले. गावाला विहिरींचे पाणी क्लोरीन न घालता मिळत असे. चव व वासाच्या तक्रारी आल्यामुळे १० नोव्हेंबरला रस्त्यावरील अग्निशमनाचे नळ एकामागून एक सोडून जाळे धुण्यात आले होते. नंतरच्या तपासात एक टाकी गंजून भोके पडलेली आणि पक्ष्यांना आत शिरता येईल अशी आढळली. ईपानेटवर त्या दिवसाची धुलाई पुन्हा घडवून पाहिली, तेव्हा टाकीचे पाणी प्रथम जेथे पोचले असावे तो भाग आणि सुरुवातीच्या रुग्णांची ठिकाणे बरीचशी जुळली. जाळे स्वच्छ करण्याच्या हेतूने केलेल्या कामानेच टाकीतले दूषित पाणी गावभर ओढले गेले असावे!

हा माग साथीनंतर लागला. तो आधीच, पाणी वाहत असतानाच लावता येईल काय? २०१० नंतर त्याच संस्थेने ‘ईपानेट-आरटीएक्स’ हा खुला आज्ञासंच पुढे आणला. टाक्यांची पातळी, पंपांची स्थिती, वाहिन्यांतील प्रवाह यांची मापे नियंत्रण कक्षात सतत येत असतात. ती घेऊन हा संच संगणकातील जाळे प्रत्यक्ष जाळ्याच्या बरोबरीने चालते ठेवतो. गणित एक सांगते आणि मापक दुसरेच दाखवितो, तेव्हा गळती, चुकून बंद राहिलेला व्हॉल्व्ह किंवा बिघडलेला मापक यांपैकी काहीतरी असण्याचा संभव असतो.

आपल्याकडील अडचण निराळी. पाणी ठरावीक वेळीच येते आणि गल्लीच्या टोकाला दाब उरत नाही. प्रत्येक घराला हवे तेवढे पाणी मिळते असे गृहीत धरले, तर गणितात कधी उणे दाब येतो आणि तरीही नळाला पाणी आहेच, असे विपरीत उत्तर निघते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. प्रमोद भावे यांनी १९८१ सालीच, अपुऱ्या दाबाच्या जाळ्यात कोणत्या जोडावर प्रत्यक्षात किती पाणी मिळेल, हे काढण्याची पद्धत मांडली होती. ईपानेटमध्ये दाबानुसार पाणी मोजण्याची सोय मात्र २०२० सालच्या २.२ आवृत्तीत आली.

संगणक कितीही वेगवान असला, तरी नळ कोठून जातो, किती जुना आहे आणि कोणता व्हॉल्व्ह बंद आहे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आपल्या शाळेच्या नळाचे पाणी कोणत्या टाकीतून येते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घेणे ही त्या अभ्यासाची चांगली सुरुवात ठरेल.