एकवीस क्रमांकाचा दरवाजा

फायली पाठवणारा सर्व्हर सुरूच होत नाही, या विषयावर इतिहासाच्या निवृत्त शिक्षिकेने लेख लिहावा हे वाचून काहींना हसू येईल. हसा खुशाल! पण गेल्या महिन्यात आमच्या घरी जे झालं त्याचं उत्तर मला शेवटी इतिहासातच सापडलं, म्हणून हा प्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. शिवाजी पार्कच्या आमच्या घरात एक जुना संगणक दिवसरात्र चालू असतो. त्यावर माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काढलेल्या हस्तलिखित अंकांची स्कॅन केलेली पानं आहेत. मूळ अंकांपैकी बरेच २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या ट्रंकेत भिजले. पानं वाळवून स्कॅन केली, पण पुढे त्या कागदांचे तुकडेच पडले. त्यामुळे आता जे आहे ते संगणकावरच. पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे माजी विद्यार्थी आणि आमचे नातेवाईक एफटीपी नावाच्या जुन्या पद्धतीने ती पानं उतरवून घेतात.

ही पद्धत किती जुनी? १६ एप्रिल १९७१ ची. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या अभय भूषण यांनी त्या दिवशी एका संगणकावरची फाईल दुसऱ्यावर कशी न्यावी याचं टिपण लिहिलं. हे गृहस्थ मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे. त्या काळी अशी टिपणं 'आरएफसी' या नावाने, म्हणजे 'मतं कळवा' अशा विनंतीने, सर्वांकडे फिरत. भूषण यांच्या टिपणाचा क्रमांक ११४. त्यावर सुधारणा होत होत ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ९५९ क्रमांकाचं टिपण लिहिलं, आणि आजही एफटीपी मुख्यतः त्याच नियमांनी चालते.

त्या नियमांत दोन दरवाजे आहेत. संगणकाच्या भाषेत त्यांना पोर्ट म्हणतात. एकवीस क्रमांकावर फक्त बोलणं होतं. कोण आलंय, काय हवंय, एवढंच. प्रत्यक्ष फाईल दुसऱ्या वाटेने येते, मूळ नियमात ती वीस क्रमांकाची. वाण्याला फोनवर यादी सांगायची आणि सामान घेऊन पोऱ्या वेगळा येतो, तसंच हे. फोन लागतो पण सामान येत नाही, हा एक बिघाड. फोनच लागत नाही, हा निराळा. आणि आमच्याकडे झाला तो तिसराच.

त्याआधी एक सांगते. सुरुवातीलाच अडखळणं हे या विद्येच्या रक्तातच आहे. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला पहिला संदेश पाठवला. 'लॉगिन' असं टाईप करायचं होतं. एल गेला, ओ गेला, आणि समोरचा संगणक कोसळला! तासाभराने दुरुस्ती झाली आणि पूर्ण शब्द गेला.

आपल्या मुंबईतही निराळं नाही. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ९.६ किलोबिटची जोडणी आली. हिशेब केलात तर सेकंदाला जेमतेम बाराशे अक्षरं. आजचा दहा लाख अक्षरांइतका लहानसा फोटो त्यावरून यायला चौदा मिनिटं लागतील. मग १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि पहिल्या काही आठवड्यांत लोकांचा मनस्ताप एवढा झाला की निगमचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी सुरुवात बिघडल्याचं जाहीरपणे कबूल केलं. कबूल केलं आणि मग एकेक दोष शोधून काढला, हे मला मोठं वाटतं.

आता आमच्या घरची गोष्ट. एका रात्री इमारतीची वीज गेली. सकाळी आली, संगणक चालू झाला. दुपारी न्यू जर्सीहून एका विद्यार्थिनीचा निरोप आला, "बाई, आत जाता येतंय, पण फोल्डर रिकामं आहे." माझ्या छातीत धस्स झालं. घरातल्या एका हौशी मंडळींचं मत पडलं की सगळं पुसून नव्याने टाकावं, तासाभराचं काम. मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मावशी, थांब. काहीही पुसू देऊ नकोस. सर्व्हर सुरू करायला सांग आणि तो काय म्हणतो ते मला अक्षर न् अक्षर वाचून दाखव."

वाचून दाखवलं. सुरू होण्यात अपयश, आणि खाली एक ओळ, तिचा अर्थ: पत्ता आधीच वापरात आहे.

"म्हणजे बिघडलं काहीच नाही," भाचा म्हणाला. "एकवीसच्या दारात दुसरं कुणीतरी बसलंय. आपल्याला जागा मिळत नाही, म्हणून आपला परत फिरतोय. आता कोण बसलंय ते बघू."

कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर कान लावून बसला आहे, याची यादी संगणक देतो. तीत सापडला एक जुना एफटीपी सर्व्हर. बऱ्याच वर्षांपूर्वी बसवलेला, नवा आल्यावर थांबवलेला. थांबवला होता, पण संगणक चालू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव तसंच होतं. शाळेत बदलून गेलेल्या शिक्षकाचं नाव हजेरीपटावर राहून जावं तसं. संगणक महिनोन्महिने बंदच झाला नव्हता, म्हणून कळलं नाही. वीज गेली, आली, आणि जुने गुरुजी पहाटेच येऊन खुर्चीत बसले. त्यांचं फोल्डर रिकामंच होतं. आमची पानं शेजारच्या फोल्डरमध्ये सुखरूप होती, एकही गेलं नव्हतं.

सगळं पुसलं असतं तर मात्र गेली असती. भाच्याकडे जुनी प्रत होती, पण गेल्या दोन वर्षांत जोडलेली पानं फक्त या संगणकावर होती.

इथे माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. आपण ज्याला बिघाड म्हणतो तो पुष्कळदा जागेचा प्रश्न असतो. आधी कोण होतं, ते गेलं का, की नुसतं गेलंसं वाटलं? आमच्या समोरचं मैदान पालिकेने १९२५ मध्ये खुलं केलं तेव्हा ते माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. हे जुनं नाव आज कुणाला आठवतही नाही. पण शेजारच्या कॅडेल रोडचा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या वयाची माणसं टॅक्सीवाल्याला कॅडेल रोडच सांगतात. काही जुनं निघून जातं, काही दारात बसून राहतं. कोणतं कुठलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

जुन्या सर्व्हरचं नाव यादीतून काढलं, नवा सुरू झाला. पण भाचा म्हणाला, आता एफटीपीच सोडू या, कारण तिच्यात पासवर्डसुद्धा उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनेही तिला निरोप दिला. आता आमची पानं बावीस क्रमांकावरून जातात, कुलूपबंद. या बावीसचीही गंमत आहे. जुलै १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी आपण लिहिलेल्या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रॅमसाठी पत्र पाठवून हा क्रमांक मागितला, कारण एफटीपीचा एकवीस आणि टेलनेटचा तेवीस यांच्यामधली जागा रिकामी होती. दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं होकाराचं उत्तर आलं. आधी जागा रिकामी आहे ना हे बघायचं, मग मागायची, आणि मग बसायचं. केवढा साधा शिष्टाचार!

असो. तुमच्याकडे असा सर्व्हर अडला तर क्रम एवढाच ठेवा. आधी तो काय म्हणतो ते पूर्ण वाचा. मग दारात आधीच कोणी बसलंय का ते बघा. मग सेटिंगची फाईल, कारण काही सर्व्हरना बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला एक मोकळी जागाही चालत नाही, आमच्या शुद्धलेखनापेक्षा कडक! मग सुरू करणाऱ्याला तसा अधिकार आहे का, कारण लिनक्सवर १०२४ च्या खालचे दरवाजे सहसा मुख्य वापरकर्त्यालाच उघडता येतात. आणि पुसण्याचा विचार सगळ्यात शेवटी, तोही प्रत काढून झाल्यावर.

१९८४ चा अंक ज्यांनी मागितला होता, त्यांनी नवा पासवर्ड फोन करून घ्यावा. पानं धूसर आहेत, पण मुखपृष्ठावरचं मोराचं चित्र छान दिसतं.