पुण्यात परवडणारं घर: एफएसआय वाढला, मग छोटी घरं कुठे गेली?

पुण्यात स्वतःचं घर घ्यायचं म्हटलं की आपल्या कुटुंबांमध्ये दोन प्रश्न एकदम समोर येतात. परवडेल का, हा पहिला. आणि आपल्याला देतील का, हा दुसरा. पहिला प्रश्न शहरातल्या प्रत्येक पगारदार आणि रोजंदारीवरच्या माणसाचा आहे. दुसरा खास आपला आहे. मुस्लिमांना हव्या त्या ठिकाणी घर विकत किंवा भाड्याने मिळणं अवघड जातं आणि त्यामुळे ते ठराविक वस्त्यांमध्ये एकवटतात, ही गोष्ट २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलेली आहे.

या दोन्ही प्रश्नांचा संबंध बांधकामाच्या नियमांशी आहे. हे नियम बदलतात तेव्हा बातमी बिल्डर, आर्किटेक्ट आणि नगरसेवकांपुरती राहते. पण त्यातल्या एका नियमातून दरवर्षी पुण्यात कमी किमतीची नवी घरं निघतात, आणि त्यांच्या वाटपात नाव-आडनाव पाहिलं जात नाही. तो नियम काय आहे, तो कुठे कमी पडतो आणि आपण त्याचा फायदा कसा घ्यायचा, हे या लेखात सांगत आहोत.

मोमीनपुऱ्यापासून कोंढव्यापर्यंत

मोमीनपुरा, नाना पेठ, भवानी पेठ, काशेवाडी आणि कॅम्प हे पुण्यातले आपले जुने मोहल्ले. कुटुंबं वाढली, पण तिथे जागा वाढली नाही. पेठांमध्ये गल्ल्या अरुंद आणि वाड्यांना वारस अनेक. कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीत, तिथे बांधकामाला परवानगी मिळते ती फारच कमी. मग लोक कोंढव्याकडे सरकले. तेव्हा कोंढवा महापालिकेच्या हद्दीबाहेर होता, जमीन स्वस्त होती आणि आपली माणसं शेजारी होती.

१९९७ मध्ये आजूबाजूच्या गावांसोबत कोंढवाही महापालिकेत आला. पण या गावांचा विकास आराखडा मंजूर व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. तोवर गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या होत्या आणि इमारती उभ्या राहिल्या होत्या. रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी जागा आधी राखायची असते, ती राहिली नाही. आज कोंढव्यात जी कोंडी आपण रोज भोगतो तिचं मूळ इथे आहे: वस्ती आधी आणि आराखडा नंतर.

हेच आता पुढच्या गावांत होऊ घातलं आहे. २०१७ मध्ये उंड्रीसह ११ गावं आणि ३० जून २०२१ रोजी पिसोळी, औताडे-हांडेवाडी, वाघोली अशी २३ गावं महापालिकेत आली. कोंढव्यातून बाहेर पडणारी आपली कुटुंबं यातल्याच उंड्री, पिसोळी, हांडेवाडी भागात घर शोधत आहेत.

एफएसआय वाढवून काय झालं?

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण. एक हजार चौरस फुटांचा प्लॉट आणि एफएसआय २, तर दोन हजार चौरस फूट बांधता येतं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली लागू केली. तिला यूडीसीपीआर म्हणतात. या नियमावलीत पुण्यासारख्या शहरात दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. त्यावर सरकारला पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेता येतो आणि बाजारातून टीडीआर विकत घेऊन आणखी बांधता येतं. मात्र हे सगळं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरच्या रस्त्यावर एकूण २ पर्यंत, ३० मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत. मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या परिघात ४ पर्यंत.

आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर? मग प्रीमियमही नाही आणि टीडीआरही नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती गल्ल्या ९ मीटर, म्हणजे साधारण ३० फूट रुंद आहेत, हे वाचकांनी घराबाहेर उभं राहूनच पाहावं. जुनी इमारत पाडून नवी बांधायला बिल्डर का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका आकड्यात असतं. रहिवाशांना मोफत घर दिल्यावर विकायला त्याच्या हातात काही उरतच नाही.

मोठ्या रस्त्यांवर मात्र एफएसआय वाढला, टॉवर उभे राहिले. म्हणून घरं स्वस्त झाली का? नाही. वाढीव एफएसआय फुकट मिळत नाही. प्रीमियम आणि टीडीआर यांचा खर्च शेवटी फ्लॅटच्या दरात येतो, आणि जास्त बांधता येतं म्हणून जमीनमालकही जास्त भाव मागतो. बिल्डरला त्यातल्या त्यात नफा मोठ्या फ्लॅटमध्ये दिसतो. किती बांधायचं हे एफएसआय सांगतो. कोणासाठी बांधायचं हे तो सांगत नाही. त्यासाठी वेगळा नियम लागतो.

वीस टक्क्यांचा नियम

असा नियम पूर्वी वेगळ्या रूपात होता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात जादा जमीन सरकारजमा होण्यापासून सूट हवी असेल, तर काही घरं ठरलेल्या दराने सरकारला द्यावी लागत. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला आणि ती वाट बंद झाली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकारने नवा नियम आणला आणि पुढे तो यूडीसीपीआरमध्येही आला. दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प होत असेल, तर मूळ एफएसआयच्या किमान २० टक्के बांधकाम आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी छोट्या घरांच्या रूपात करायचं. या घरांचे लाभार्थी बिल्डर निवडत नाही. ते म्हाडाच्या सोडतीतून, म्हणजे लॉटरीतून ठरतात. किंमत बाजारभावावर नाही, तर रेडी रेकनरमधल्या बांधकाम खर्चावर ठरते. म्हणून त्याच प्रकल्पातल्या इतर फ्लॅटपेक्षा हे घर बरंच स्वस्त पडतं.

सरकारी तिजोरीतून मोठा खर्च न करता शहराच्या चांगल्या भागात छोटी घरं तयार करणारा हा नियम आहे.

नियम कुठे कमी पडतो?

पहिली गोष्ट, ४,००० चौरस मीटर म्हणजे जवळपास ४० गुंठे, एक एकर. कोंढव्यासारख्या भागात जमिनीचे तुकडे एक-दोन गुंठ्यांचे झालेले असल्याने तिथे हा नियम लागूच होत नाही. सोडतीतली घरं निघतात ती जिथे मोठ्या जमिनी शिल्लक आहेत तिथे.

दुसरी गोष्ट, मर्यादा आखली की तिच्या खाली राहण्याच्या वाटाही शोधल्या जातात. मोठ्या जमिनीचे आधीच तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा ४,००० च्या आत येतो.

तिसरी गोष्ट अंमलबजावणीची. छोट्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत बाकीच्या प्रकल्पाला ते देऊ नये, अशी नियमात तरतूद आहे. पण ती पाळली जाते की नाही हे महापालिकेने पाहायचं असतं. नाशिकमध्ये हजारो घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, असा आरोप २०२२ मध्ये झाला. प्रकरण विधान परिषदेत गाजलं आणि तिथल्या महापालिका आयुक्तांची बदली करावी लागली. पुण्यातही आपल्या नगरसेवकांना विचारायचा प्रश्न हाच आहे: आपल्या प्रभागात एक एकरावरचे प्रकल्प किती, आणि त्यातली किती घरं म्हाडाला कळवली गेली?

सरकारी योजनेतली घरं

प्रधानमंत्री आवास योजनेत पुणे महापालिकेने हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्द इथे घरं बांधली. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्यातल्या २,६५० हून अधिक घरांचं वाटप झालं. शहराच्या गरजेपुढे हा आकडा लहान आहे. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. यात घर बाईच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर घ्यावं लागतं.

इथे एक मुद्दा आपल्या अनेक घरांत निघतो, तो व्याजाचा. या योजनेच्या एका भागात मदत मिळते ती गृहकर्जाच्या व्याजावर सवलत म्हणून. पण भागीदारीतून बांधलेल्या घरांना अनुदान थेट मिळतं, ते कर्जाला जोडलेलं नसतं. ज्यांना बँकेचं कर्ज टाळायचं आहे त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा आणि पैशांची जुळवाजुळव सोडतीच्या आधीच सुरू करावी. घर लागल्यावर मुदती कमी असतात.

मे २०२५ मध्ये राज्याने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट त्यात आहे.

सोडतीत नाव पाहिलं जात नाही

खासगी बाजारात फोनवर नाव सांगितलं की ‘फ्लॅट गेला’ असं ऐकावं लागतं, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. म्हाडाची सोडत संगणकावर निघते. तिथे अर्ज क्रमांक चालतो. धर्मावर कोटा नाही, तसा धर्मावर नकारही नाही. घर लागल्यावर सोसायटीचं सभासदत्वही हक्काने मिळतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कोणी अडवलं तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

स्पर्धा मोठी आहे, हे खरं. २०२५ मध्ये पुणे मंडळाने ४,१८६ घरांसाठी अर्ज मागवले, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले. पण अर्जच केला नाही तर नंबर लागण्याची शक्यता शून्य. काही घरं सोडतीशिवाय ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीनेही दिली जातात. तिकडेही लक्ष ठेवावं.

आजच करून ठेवायची कामं

जानेवारी २०२३ पासून म्हाडाची नोंदणी ऑनलाइन आहे आणि कागदपत्रं आधीच तपासली जातात. म्हणून जाहिरात येण्याची वाट पाहू नये.

- आधार आणि पॅनवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. मोहम्मद, मोहंमद, मो. किंवा शेख, शैख असे फरक असतील तर अर्ज अडकतो. निकाहनंतर नाव बदललेल्या बहिणींनी हे आधी पाहावं.
- पती आणि पत्नी दोघांचीही कागदपत्रं लागतात.
- अधिवास दाखला काढा. जुना हस्तलिखित दाखला चालत नाही, नवा बारकोडचा लागतो.
- उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला. गॅरेज, हातगाडी, शिलाईकाम करणाऱ्यांनी तहसीलदारांचा दाखला वेळेत काढावा.
- पुणे महानगर क्षेत्रात पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत असेल तर अल्प गट.

चौकशी करायची ती म्हाडाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा आगरकर नगरमधल्या पुणे मंडळाच्या कार्यालयात. म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही. ‘घर लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, मग तो ओळखीचा असला तरी.

गुंठा घेण्याआधी

सोडत लागत नाही म्हणून अनेक जण पिसोळी, उंड्रीकडे गुंठा किंवा स्वस्त फ्लॅट घेतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची मुदत मिळाली. त्यानंतरच्या बांधकामाला ती सवलत नाही. जागेचा झोन कोणता, विकास आराखड्यात तिच्यावर रस्ता किंवा आरक्षण आहे का, बांधकाम परवानगी आहे का, फ्लॅट असेल तर महारेरा क्रमांक आहे का, एवढं पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. झोन दाखला महापालिकेत मामुली फी भरून मिळतो. आयुष्यभराची कमाई घालण्याआधी तो हातात असू द्या.