रस्ता कोणाच्या पैशाने? बोले ठरावापासून नंदुरबारच्या वस्तीपर्यंत

नगरपालिकेने कोणता रस्ता आधी करायचा आणि बाग कुठे करायची, हा प्रश्न इंजिनिअरचा आहे असे आपल्याला सांगितले जाते. आम्हाला ते मान्य नाही. कामांच्या यादीत कोण पहिला आणि कोण शेवटचा, हे ठरवणे म्हणजे सत्ता वापरणे. आपला इतिहास हेच सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. त्याचा पाया धर्म किंवा दया नव्हता. पैसा सर्वांचा, म्हणून हक्कही सर्वांचा, हा साधा हिशेब होता.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. असा अनुभव आल्यावर बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड अंमल करणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करा. नुसता हक्क पुरत नाही, तिजोरीची किल्ली फिरवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने यायला १७ मार्च १९३७ उजाडले.

आता आपल्या खानदेशाकडे या. १९२९ साली बाबासाहेब सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासी, दोघांच्या स्थितीची चौकशी याच एका समितीकडे होती. धुळ्याकडची बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी वस्तीतल्याच माणसाने टांगा हाकला. त्याला सराव नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. रस्ता होता, पूल होता, टांगाही होता. नव्हता तो फक्त त्यावरून सन्मानाने जाण्याचा हक्क.

आज हक्क कायद्यात आहे. अडवणूक होते ती यादीत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात रस्ते, गटारे, दिवे ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. बागबगीचा ऐच्छिक आहे. तरी अनेक गावांत मुख्य चौकाचे सुशोभीकरण आधी होते आणि वस्तीतला रस्ता ‘पुढच्या टप्प्यात’ जातो. वस्तीसाठी अण्णाभाऊ साठेंच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना आहे. पण तिचा निधी हा सर्वसाधारण निधीच्या वर मिळायचा असतो, त्याच्या जागी नव्हे. ‘तुमच्यासाठी वेगळा फंड आहे’ असे सांगून नगरपालिकेने आपली मूळ तिजोरी वस्तीसाठी बंद केली, तर वेगळा फंड म्हणजे दुसरा महारवाडा झाला. प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, यातला एक कागद अडला की ३१ मार्च येतो आणि पैसा परत जातो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथे सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आणि अनुसूचित जाती तीन टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप झाले तर आपल्या वाट्याला थोडेच येणार. म्हणून नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथे आपली मागणी एकट्या बुद्धवस्तीची असून चालणार नाही. शेजारच्या भिल्ल वस्तीचा रस्ताही आपल्याच निवेदनात असला पाहिजे. स्टार्ट समितीने दोघांना एकत्र पाहिले, आपण वेगळे का उभे राहावे?

आंध्र प्रदेशने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा कायदा केला. महाराष्ट्रातही असा कायदा हवा, ही आपली मागणी आहे. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याने तो करायला इतका उशीर का लावावा?

पण कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक आणि नियोजित खर्च स्वतःहून जाहीर करणे नगरपालिकेला बंधनकारक आहे. अंदाजपत्रकाच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा : वॉर्डनिहाय कामांची यादी क्रमासह, प्रत्येक कामाच्या निधीचे शीर्षक, आणि मागील तीन वर्षांत परत गेलेली रक्कम.

बोले साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी हिशेब मांडला. तो मागण्याचे काम आपले आहे.

जय भीम! जय जोहार!