दलदलीसाठी वाहनबदल

पाणथळ, चिखलट जमिनीवर चालण्यासाठी वाहनाच्या मूळ रचनेत केलेले फेरफार. अमेरिकेत ते शिकाऱ्यांच्या एटीव्हींवर (कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या छोट्या वाहनांवर) होतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर बंदी घातल्याने येथे ते शेतरस्ते, बचावकार्य आणि हौशी भटकंतीपुरते उरतात.

चिखलात शक्तीपेक्षा टायर महत्त्वाचा. हवा कमी केली की त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, दर चौरस सेंटिमीटरला येणारा भार घटतो आणि चाक कमी रुतते. खोल, विरळ खाचांचा टायर फिरताना चिखल झटकून टाकतो. अरुंद खाचा मावळातल्या भातखाचराच्या चिकट मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. एक चाक अधांतरी फिरू लागल्यास डिफरन्शियल लॉक त्याच आसावरील दुसऱ्या चाकालाही तेवढेच फिरवतो. स्नॉर्केल इंजिनाला उंचावरून हवा पुरवतो. मात्र गिअरबॉक्स व आसांच्या श्वासनळ्या वर न नेल्यास पाणी तेलात शिरते. हौशी मंडळी नेमके हेच विसरतात. रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच उपयोगी खरी, पण तिचे वजन पुढच्या चाकांवर येते.

आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत स्नॉर्केल व दोन्ही आसांचे लॉक कारखान्यातूनच येतात. तिची पाण्यातून जाण्याची घोषित क्षमता ७०० मिलिमीटर आहे. महिंद्रा थार रॉक्सच्या काही प्रकारांत चारचाकी चालन मिळते. बाहेरून केलेल्या फेरफारांना मात्र मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ची मर्यादा आहे.